कमरेचा दोर

"...पण चाचा, त्या दिवशी तुम्ही माझा दोर सोडलात, तो नेमका काय बघून?"

दस्तगीरचाचा जाळं शिवत होते. घाटाच्या शेवटच्या पायरीवर, पाय पाण्यात सोडून ते बसले होते. मांडीवर फाटकं जाळं होतं. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे भोक कुठे पडलंय हे ते बोटांनीच शोधत होते.

"कुठला दिवस म्हणालास?"

"वैशाखातला. मी सहावीत जाणार होतो. तुम्ही कमरेला दोर बांधून मला पाण्यात सोडलं होतं, आणि मध्यावर गेल्यावर..."

"मगदूम ना तू?"

"हो. श्रेणिक मगदूम. पेठेतल्या कापडदुकानाचा."

"आवाज बदलला की रं," चाचा म्हणाले आणि पुन्हा जाळ्यात गुंतले.

आवाजावरच तर श्रेणिकचं सगळं चाललं होतं. बारा वर्षं तो यशस्वी कसं व्हावं यावर व्याख्यानं देत होता. कॉलेजांत, बँकांच्या मेळाव्यांत, साखर कारखान्यांच्या सभागृहांत. लोक त्याला 'सर' म्हणत, सह्या घेत. त्याच्या सात सूत्रांचं पुस्तक निघालं होतं आणि त्यातलं पहिलं सूत्र होतं, दोर सोडा. त्याखाली गोष्ट होती ती याच घाटाची आणि याच माणसाची. भर नदीत गुरूने शिष्याच्या कमरेचा दोर सोडून दिला, कारण शिष्याचा स्वतःवर नव्हता तेवढा भरवसा गुरूचा शिष्यावर होता. ही गोष्ट त्याने इतक्यांदा सांगितली होती की आवाज कुठे खाली आणायचा, टाळ्या कुठे येणार, सगळं त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

त्या गुरूला भेटायला मात्र तो छत्तीस वर्षांत एकदाही आला नव्हता.

त्याने घाटावरून नजर फिरवली. सुट्टी लागली की सकाळी सहाला इथे वीसेक पोरं लंगोट्या लावून कुडकुडत उभी असायची. पाठीला सुका भोपळा, कमरेला सुंभाचा दोर. पाण्यात ढकलण्याआधी चाचा प्रत्येकाच्या कानात तेलाचा थेंब सोडायचे. पोरं बाहेर यायची तेव्हा ओठ निळे पडलेले असायचे, दात वाजत असायचे. मग ओंजळीत गूळ-शेंगदाणे पडायचे. त्या गुळाची चव श्रेणिकला पुढे कुठल्याच गुळात सापडली नव्हती.

आता घाट रिकामा होता. पैलतीराला जलपर्णी दाटली होती.

"पोरं येत नाहीत आता?" त्याने विचारलं.

"न्हाईत. शहरातल्या तलावावर जात्यात. चष्मे लावून."

"वाईट वाटत असेल."

"कानात तेल सोडायची सवय लागलीया हाताला. नातवंडं दिसली की बाटली काढतो. ती पळून जात्यात."

चाचा एकटेच हसले. श्रेणिकला हसू आलं नाही.

"तू काय तेवढं विचारायला आलास व्हय? दोराचं?"

"हो... तेवढंच."

चाचांनी जाळं बाजूला ठेवलं आणि चांगला डोळा त्याच्यावर रोखला.  पोर पाण्याला घाबरलंय की नुसती टंगळमंगळ करतंय, हे ते पूर्वी असंच बघून ओळखायचे.

श्रेणिकने बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली आणि तो त्यांच्या शेजारी बसला. पाणी गार होतं.

"मला एक मुलगी आहे, चाचा. सन्मती. हुशार आहे. सतराव्या वर्षी तिला परराज्यात ठेवलं, डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या तयारीला. पहिल्या महिन्यात तिचा रोज फोन यायचा. बाबा, दोन दिवस या ना. बाबा, इथे कुणी बोलत नाही माझ्याशी. मी गेलो नाही."

"का?"

"मी तिला म्हणालो, मी दोर सोडलाय. आता तू पोहायचंस."

नदीवरून एक खंड्या सपकन गेला. चाचांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"हे मी व्याख्यानातही सांगायचो. माझ्या लेकीचासुद्धा मी दोर सोडलाय म्हणून. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे... नंतर तिचे फोन कमी झाले. मला वाटलं, जमलं तिला. सातव्या महिन्यात वसतिगृहातून निरोप आला, घेऊन जा. मी गेलो तेव्हा ती खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली होती. अंगावरचे कपडे नुसते लोंबत होते. मनगट हातात घेतलं तर..."

त्याने दोन बोटांत स्वतःचं मनगट धरून दाखवलं.

"जिवंत हाय ना?" चाचांनी विचारलं.

"आहे. बरी आहे आता, म्हणतात. इचलकरंजीला मावशीकडे राहते. माझ्याकडे यायला तयार नाही. बोलतही नाही. एकदाच बोलली. म्हणाली, बाबा, मी तयार आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

श्रेणिकने डोळे पुसले.

"म्हणून आलो. मला काहीतरी ओळखता आलं नाही. तुम्हाला माझ्यात ते दिसलं होतं. ते काय होतं, एवढं सांगा."

चाचांनी नदीच्या मध्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मी दोर सोडलाच न्हाई."

"काय?"

"गाठ सुटली."

"चाचा, मला चांगलं आठवतंय..."

"तुला कसं आठवंल? गाठ तुझ्या पाठीमागं हुती. मीच मारली हुती, आन् कच्ची मारली हुती. त्या दिवशी घरात धाकट्याला ताप हुता, माझं मन थाऱ्यावर नव्हतं. तू मध्यावर गेलास आन् दोर हातात हलका लागला. वढला, तर मोकळाच आला."

श्रेणिक त्यांच्याकडे बघत राहिला. आपल्या पुस्तकातलं चौदावं पान त्याच्या डोळ्यांसमोर होतं. 'गुरू काठावर शांत उभा होता.'

"मग तुम्ही काठावरून..."

"काठावर? माझ्या काळजाचं पाणी झालं हुतं, मगदूम. तुझ्या बाला काय तोंड दाखवू? हाय त्या सदऱ्यानिशी उडी टाकली."

"पण मी पोहत होतो ना!" श्रेणिकचा आवाज चढला. "मी एकटा पोहत गेलो पलीकडच्या वाळूपर्यंत. ते तरी खरं ना?"

"खरं की. झ्याक पवलास. दोर सुटल्याचं तुला ठावंच नव्हतं पयल्यांदा. ठावं झालं तवा घाबरलास, दोन घोट पाणी गिळलंस, आन् मग हात मारायला लागलास. म्हणूनच मी तुला हात लावला न्हाई."

"म्हणजे... तुम्ही होता कुठे?"

चाचांनी श्रेणिकचा उजवा हात धरला आणि पोहताना पसरतो तसा पाण्यावर आडवा पसरला. मग आपला पंजा त्याच्या कोपराखाली पाण्यात नेला. म्हातारा हात थरथरत होता. पण कोपराला तो लागला नाही. मध्ये चार बोटांचं अंतर राहिलं.

"एवढ्यावर."

श्रेणिकने हात हलवला. खालचा पंजाही तेवढाच हलला.

"सगळा वेळ?"

"पार वाळू लागंस्तोवर. तू मागं वळून बघितलंच न्हाईस."

त्याला एकाएकी आठवलं. वाळूवर तो धापा टाकत उताणा पडला होता आणि वर आभाळ झाकत चाचांचा चेहरा आला होता. दाढीतून पाणी गळत होतं, सदरा अंगाला चिकटला होता, खिशातल्या विड्यांचा लगदा झाला होता. चाचा आपलं कौतुक करायला पलीकडे आलेत, असंच त्याला वाटलं होतं. इतकी वर्षं तेच वाटत होतं.

"मला सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगू? तू नाचत हुतास. एकट्यानं नदी पार केली म्हणून वरडत हुतास. त्यात मी काय म्हणू, माझी गाठ सुटली म्हणून?"

श्रेणिक खाली मान घालून बसला. पाण्यात त्याचे गोरे, नाजूक झालेले पाय दिसत होते, आणि शेजारी चाचांचे काळे, भेगाळलेले. किती सभागृहं, किती टाळ्या. आणि त्यातल्या एकाही दिवशी आपण सन्मतीच्या कोपराखाली हात धरला नव्हता.

पण बारा वर्षांची सवय लगेच सुटत नाही. त्याने मान वर केली. डोळ्यांत चमक आली होती. खिशातून छोटी वही आणि पेन काढत तो म्हणाला, "चाचा, म्हणजे खरं सूत्र असं आहे तर. सोडायचं, पण दूर जायचं नाही. चार बोटांचं अंतर. मी पुस्तकाची नवी आवृत्ती काढतो. पहिलं सूत्रच बदलतो. परवा सोलापूरला कार्यक्रम आहे, तिथेच पहिल्यांदा सांगतो. लोकांना हे..."

चाचांनी पुढे होऊन वही मिटली. रागाने नाही. पोराच्या हातातून ओला टॉवेल काढून घ्यावा, तशी.

"लेकीची भूक परत आली का रं?"

श्रेणिकने पेनाला टोपण लावलं.

"जेवती का आता नीट? काय आवडतं तिला?"

"मावशी बघते ते... मला..." त्याने ओठ मिटले. "माहीत नाही, चाचा."

ऊन उतरायला लागलं होतं. चाचांनी जाळं पुन्हा मांडीवर ओढलं आणि फाटका कोपरा बोटांनी शोधू लागले. बराच वेळ झाला तरी शेजारचा माणूस हलला नाही, तेव्हा मान वर न करता ते म्हणाले,

"मग अजून हितंच बसलाईस व्हय?"