खोडलेलं दीड पान

"...मग त्या रात्री ते पान तुमी काहून नाई वाचलं, बाबा?"

दसरूबाबा कुमरे रिकाम्या स्टेजच्या कडेला पाय सोडून बसले होते. ते बोटांनी फळीची धार चाचपत राहिले.

विचारणारा होता चक्रधर लोणारे. आमच्या झाडीपट्टीतला नावाजलेला नाटककार. धान कापून झालं की गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या मोकळ्या बांध्यांत नाटकांचे मंडप पडतात, आणि त्यातल्या निम्म्या मंडपांवर याचं नाव असतं. माणूस तसा वाईट नाही. नावाची चटक मात्र वाईट. एकदा लागली की सुटत नाही.

दसरूबाबा त्याचे जुने प्रॉम्प्टर.

आमच्याकडे तालमी फारशा होत नाहीत. नट आज या कंपनीत, उद्या त्या कंपनीत. पाठांतराला वेळ कुठला? म्हणून स्टेजच्या पुढ्यात जमिनीत कमरेइतका खड्डा खणतात. प्रॉम्प्टर वही घेऊन त्यात बसतो. तोंड नटांकडे, पाठ लोकांकडे. तो हळू वाचतो आणि नट ते मोठ्यानं बोलतात. तो वाचेल ते बोलतात, डोळे मिटून.

अशा खड्ड्यांत दसरूबाबांनी चाळीस वर्षं काढली होती.

"बाबा, मी काय इचारतो..."

"ऐकू येते मले. डोळे गेले, कान हायेत."

चक्रधरनं इकडेतिकडे पाहिलं. दुपारचे तीन वाजले होते. मंडपात बांबू उभे होते, खुर्च्या अजून ट्रॅक्टरमध्येच होत्या. पलीकडे शंकरपटाच्या शर्यतीची धूळ उडत होती आणि बैलांमागे माणसं ओरडत होती. जवळ कोणी नव्हतं. तरी त्यानं आवाज खाली आणला.

"आज माहा सत्कार हाये. लिहायला लागलो त्याले पंचवीस वर्षं झाली म्हणून. माईत हाये ना तुमाले?"

"माईत हाये. पॅम्प्लेट वाचून दाखवलं मले नातीनं."

"त्यात तुमचंबी नाव हाये. दोन शब्द बोलनार म्हणून."

"हाये."

"...काय बोलनार?"

चक्रधरच्या कपाळावर घाम आला. थंडीचे दिवस होते.

खाई त्याला खवखवे, तशी गत होती. काय खवखवत होतं, ते सांगतो.

बावीस वर्षांपूर्वी त्याचं 'उंबऱ्यावरची माय' हे नाटक पहिल्यांदा स्टेजवर आलं. त्यात जंगलात सरपण तोडायला गेलेला पोरगा वाघाच्या तोंडी जातो. लोक त्याला चादरीत गुंडाळून दारात आणतात. तिथे आईच्या तोंडी दीड पानाचं भाषण होतं. त्या रात्री खड्ड्यातून ते भाषण आलंच नाही. शकुनबाई आईचं काम करत होती. ती बोलेना. मान खाली घालून, खड्ड्याकडे बघत, नुसती उभी राहिली. मिनिटभर, दोन मिनिटं. कोणी मोजली?

आणि सगळा मंडप हुंदके देऊन रडला.

दुसऱ्या दिवशी पंचक्रोशीत एकच बोलणं. वा रे लिहिणारा! आईच्या तोंडून एक शब्द काढला नाही आणि काळीज चिरलं! ही तारीफ ऐकून चक्रधर हो म्हणाला नाही. नाही म्हणाला नाही. एवढ्यावरच भागलं नाही. त्यानं घरी येऊन लाल शाईनं ते दीड पान खोडलं आणि पुढचे शेकडो प्रयोग तसेच झाले. त्या गप्प आईवर त्याला ढाली मिळाल्या, शाली मिळाल्या, 'मौनाचा नाटककार' ही पदवीसुद्धा मिळाली.

त्या दिवसापासून त्याला भीती लागली. बाबा कधीतरी बोलतील ही भीती. ती इतकी वाढली की आठ वर्षांपूर्वी त्यानं बाबांच्या मोतिबिंदूचं निमित्त केलं आणि त्यांना कंपनीतून काढलं. म्हाताऱ्या माणसाला काढताना हारही घातला, हे मी विसरू शकत नाही.

पुढच्या नाटकांत तो मुद्दाम लिहू लागला, 'इथे आई काहीच बोलत नाही.' गेल्या हंगामात नव्या प्रॉम्प्टरनं तेसुद्धा इमानदारीनं वाचलं. आणि आईचं काम करणाऱ्या बाईनं छातीवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून, मोठ्यानं टाहो फोडला, "इथे आई काहीच बोलत नाही!"

चार हजार माणसं पोट धरून हसली. चक्रधर त्या रात्री नाटक सोडून पळाला. तेव्हापासून त्याला झोप नव्हती.

"बाबा..." तो आता स्टेजच्या पायरीवर बसला. "एकदा सांगून द्या. तुमाले ते पान बेकार वाटलं म्हणून नाई वाचलं? का मले शिकवाचं होतं?"

"साप होता," बाबा म्हणाले.

"काय?"

"साप. खड्ड्यात. माह्या पायावरून चढून मांडीवर येऊन बसला. मन्यार."

चक्रधर हसला. मग त्याचं हसू मावळलं.

"मंग वरडले काहून नाई?"

"वरडलो असतो तर नाटक पडलं असतं."

"आन शकुनबाई?"

"तिनं खाली पाहिलं. माह्या तोंडाकडे. बत्तीच्या उजेडात माहं तोंड कसं दिसलं असन, देव जाने. तिले वाटलं, म्हातारा चालला. हालू शके ना, बोलू शके ना. पाहत राहिली बापडी." बाबांनी फळीवरून हात काढला. "ते जे लोकाइले दिसलं ना तिच्या डोळ्यात, ते माह्यासाठी होतं."

चक्रधर उठला आणि आवाज चढवून बोलला. घाबरलेला नाटककार दुसरं काय करणार?

"म्हणजे बावीस वर्षांचं माहं नाव एका सापावर उभं हाये! तेच सांगनार तुमी माइकवर?"

"मी चाळीस वर्षं हळूच बोललो, बाबू. माइकवर बोलाले माह्याजवळ आवाज कुठं हाये?"

"मग बोलनार नाई? शपथ घ्या."

"पान तू खोडलंस का मी?"

"...मी."

"मी एक रात नाई वाचलं. तू बावीस वर्षं वाचू नाई देलं."

शंकरपटाकडून जोडी सुटल्याची आरोळी आली आणि विरली.

"वही हाये का?" बाबांनी विचारलं.

होती. रात्री हेच नाटक होतं, आणि सत्कारात टेबलावर मांडायला मंडळानं मूळ वही मागितली होती. चक्रधरनं ती पिशवीतून काढली.

"उतर खाली."

"कुठं?"

बाबांनी पायानंच खड्डा दाखवला. सकाळीच खणलेला होता. कडेला ओली माती, आत एक पोतं अंथरलेलं.

आता गंमत बघा. एकतीस नाटकं लिहिलेला हा माणूस आजवर एकदाही त्या खड्ड्यात उतरला नव्हता. विंगेत उभा राहायचा, नाहीतर पहिल्या रांगेत मान ताठ करून बसायचा. आज तर अंगावर सत्काराचा पांढरा झब्बा होता. त्यानं मोबाइलची बत्ती लावून खड्ड्याचा कोपरा न् कोपरा पाहिला. पोतं उचलून पाहिलं. मग जीव मुठीत धरून उतरला.

आत गारवा होता. मातीचा वास नाकात भरला. समोर फक्त फळ्या आणि बाबांची भेगाळलेली पावलं. मागे काय आहे ते दिसत नव्हतं.

बाबा काठी टेकत उठले आणि स्टेजच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"मी माय हावो. वाच."

"कोनतं?"

"खोडलेलं."

चक्रधरनं पान उघडलं. लाल शाई इतक्या वर्षांत फिकी पडली होती, खालची अक्षरं मात्र स्वच्छ दिसत होती. त्यानं घसा खाकरला.

"हळू," वरून आवाज आला. "आपल्या जिवाले ऐकू जाईन एवढंच."

तो वाचू लागला.

"'त्याले आत आना. बाहेर थंडी हाये.'"

बाबा काही बोलले नाहीत. नटानं आपल्यामागे बोलायचं असतं, म्हणून चक्रधर थांबला. वाट पाहिली. मग पुन्हा वाचलं.

"'त्याले आत आना. बाहेर थंडी हाये. त्याचे पाय उघडे काहून ठेवले? लहानपनापासून त्याचे पाय गार पडतेत...'"

तो तिथेच थांबला.

हे त्यानं रचलं नव्हतं. त्याच्या थोरल्या भावाला जंगलातून आणलं त्या सकाळी त्याची माय उंबऱ्यात उभी राहून हेच बोलली होती. सव्वीस वर्षांचा चक्रधर भिंतीला टेकून ऐकत होता. महिन्याभरात त्यानं नाटक लिहिलं ते या चार वाक्यांसाठी. बाकीचं सगळं आजूबाजूला जुळवलेलं होतं.

आणि टाळ्यांसाठी त्यानं नेमकं तेच खोडलं होतं. आपल्या मायचं बोलणं आपल्या हातानं.

"वाच," बाबा म्हणाले.

"'तो झोपला हाये. त्याले उठवू नका. मी पेज ठेवली हाये चुलीवर...'"

तेव्हा त्याच्या मानेवर काटा आला.

मागे कोणीतरी होतं.

आधी बांगड्यांचा आवाज आला होता, तो त्याला आता आठवला. रात्रीसाठी जागा धरायला गावातल्या बाया दुपारीच बोऱ्या, म्हणजे बसायची पोती, अंथरायला येतात. बोलत, हसत, एकमेकींच्या बोऱ्या सरकवत. तशाच आल्या असणार. पण आता बोलणं नव्हतं. हसणं नव्हतं. बोरी आपटल्याचा आवाजही नव्हता. पाठीमागे नुसती माणसं होती, किती ते कळत नव्हतं, आणि ती सगळी गप्प होती.

त्याची पाचावर धारण बसली. गेल्या हंगामातलं ते हसू कानात उठलं. आता हसतील. आत्ता. या क्षणाला...

त्यानं मान वळवायला घेतली.

"मागे पाहू नको," बाबा म्हणाले.

"बाबा, कोन हाये मागे?"

"मीबी चाळीस वर्षं नाई पाहिलं."

"हसून ऱ्हायले का ते?"

"तू वाच."

"मले नाई होत, बाबा. भेव वाटते."

"कुठं वाटते?"

"...पाठीत."

"हं," बाबा म्हणाले. एवढंच. आणि पुन्हा मायसारखे खाली मान घालून उभे राहिले.

चक्रधरनं डोळे मिटले. पुढचं त्याला वहीत बघावं लागत नव्हतं. तो बोलत गेला. पेजेचं बोलला, पायांचं बोलला, दार लावू नका म्हणाला. आवाज इतका हळू की फळीपर्यंत आणि अगदी मागे बसलेल्यांपर्यंतच जेमतेम पोचत असेल. मागून एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. एका बाईनं दुसरीला काहीतरी विचारलं आणि दुसरीनं तिला गप्प केलं.

दीड पान संपलं.

त्यानं खड्ड्याच्या काठावर दोन्ही हात टेकले, पण वर चढला नाही. पांढऱ्या झब्ब्याला ओली माती लागली होती. वरून मंडळाच्या पोरांनी माइक तपासायला घेतला, "हॅलो, हॅलो, आपले लाडके नाटककार..." आणि कर्णा शिट्टी मारून बंद पडला.

"बाबा, हे पान आज वाचू द्या मले. इथंच बसून. पन आधी सत्कार हाये. मले वर बोलावतीन. ते म्हनतीन, मौनाचा नाटककार. मग मी काय करू? खरं सांगू?"

बाबांनी काठीनं फळीची कड चाचपली.

"सांगतलं तर थू थू होईन. नाई सांगतलं तर असाच भेत मरीन. आन हे पान वाचलं तर म्हनतीन, चांगल्या नाटकाची माती केली. बोला ना काही. चार हजार मानसं माह्याकडे पायतीन, बाबा... चार हजार."

दसरूबाबा काठी टेकत कडेपर्यंत आले. अंदाजानं खाली वाकले. हात पुढे केला तो चक्रधरच्या डोक्याला लागला, आणि तिथेच राहिला.

"तुह्याकडे कोन पायते, बाबू? हरेकाचं कोनी ना कोनी मेलं हाये, तो त्यालेच पायते."