वीतभर आसन

एका राज्यात तळ्याच्या पाण्यावर गवताची बेटं तरंगत, आणि राजाच्या उंबऱ्यावर नागदेव पाखंगबा पाहुणा येई. त्याची रीतच न्यारी. प्रसन्न असला की बोटाएवढा, कोपला की डोंगराएवढा. तो आला की शुभ्र आसन पसरायचं, हात जोडायचे, बस्स.

एकदा परमुलखातले राजे जेवायला आलेले, नेमका तेव्हा देव आला, बोटाएवढा. राजाला लाज वाटली. "एवढासाच का आमचा देव?" तो पुटपुटला. झालं! देव फुगत गेला. राजा आणि पाहुणे कसेबसे बाहेर पळाले, आणि देवाने राजवाड्याला तीन वेढे घातले. रोज वेढा हातभर आवळे, भिंती कुरकुरत. आत राजकन्या आणि तिची दाई तोंबी अडकली. बाहेर तोंबीची आई चाओबी, मागावर बसून पोट भरणारी. तिला लेकीवाचून दुसरं कुणी नव्हतं.

राजाने सोन्याचा चौरंग मांडला. वेढा आवळला. शंभर हात गालिचा अंथरला. देव आणखीच वाढला.

चाओबी तळ्याकाठी रडत बसली, तेव्हा सारस बोलला, "बाई, तीन कामं कर. कमळाच्या देठातून सूत काढ. आसनाच्या काठावर देवाच्या दातांची नक्षी वीण. माप मात्र तुझं तू ठरव."

सूत काढता काढता तिची बोटं सोलली. दात पाहायला ती थेट जबड्यापाशी गेली. एकेक दात निरखून आली. आणि माप? वीतभर विणून तिने कापड मागावरून उतरवलं.

"थट्टा करतेस?" राजा म्हणाला. "या देहाला एवढंसं आसन?"

"महाराज, रुसलेल्याला मोठी जागा दिली, तर तो लहान कशाला होईल?"

तिने आसन पसरलं, माथा टेकला. "ये रे, बाळा," तिच्या तोंडून निघून गेलं. देवाने आसनाकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग एकेक वेढा सुटला. देव झाडाएवढा झाला, काठीएवढा झाला, बोटाएवढा झाला. आसनावर चढला आणि शेपूट तोंडात धरून निजला.

"चुकलो, देवा," म्हणत राजा मातीत बसला. तेव्हापासून त्या राज्यात देवाचं आसन वीतभरच विणतात.

तोंबी राजकन्येला कडेवर घेऊन बाहेर आली. "इमा," तिने आईला विचारलं, "हे माप तुला सुचलं कसं गं?"

"तू रुसून कोपऱ्यात बसायचीस," आई म्हणाली, "तेव्हा मी मांडी थोपटून म्हणायचे, इथे मावतेस का बघ."

आणि एवढी थोरली तोंबी भर चौकात आईच्या कुशीत मावली.