कोऱ्या कॉफीला डांबर

बेळगावचे कॉफीवाले भुजंगशेठ नार्वेकर अगदी कावले होते. क्लबचे सेक्रेटरी रणनवरेसाहेब भाजलेल्या बियांची तीच पुडी तिसऱ्यांदा परत घेऊन आले होते.

"शेठ, आमचे मेंबर ब्लॅक कॉफी पितात! बिया काळ्याकुट्ट हव्यात, ह्या तपकिरी कसल्या? नाहीतर उद्यापासून क्लबचा माल दुसरीकडून."

"साहेब, ब्लॅक कॉफीला आपण मराठीत काय म्हणतो?"

"कोरी कॉफी. मग?"

"मग कोऱ्या कागदाला आधीच डांबर फासलं, तर लिहायचं कुठं? काळी होईपर्यंत भाजली की बी करपते, चव राखेची. दूध घालून पिणाऱ्यांचं झाकून जातं हो. तुमच्या कपात झाकायला आहे काय?"

शेठनी त्याच बियांची कोरी कॉफी पुढे सरकवली. साहेबांनी दोन घोट घेतले आणि पुडी हळूच पिशवीत टाकली.

"पण क्लबात निवड माझीच म्हणायची, बरं का!"