द्वारकाबाईंची मूठ

"पण बाबा, जिला ऐकूच येत नाही, तिला नावानं हाक मारून काय उपयोग?"

विश्राम शहरात वैद्यकी शिकून मठाच्या रुग्णशाळेत सदानाथबाबांच्या हाताखाली आला होता. नुसतं बोट टेकवलं की मला नाडी कळते, असं तो चारचौघांत सांगायचा.

दुपारची वेळ. समोरच्या खाटेवर द्वारकाबाई. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना शुद्ध नव्हती. उजवी मूठ आवळलेलीच असायची. नखं रुतून तळव्याला जखम झाली होती.

"बघा ना," विश्राम म्हणाला. "ए म्हातारे! मूठ सोड! सोड म्हणतो ना!"

त्यानं बोटं धरून ओढली. पुन्हा ओढली. मूठ दगडासारखी. एकही बोट हललं नाही.

बाबा पुढे आले. खाटेच्या उशाशी जमिनीवर बसले.

"द्वारकाबाई, मी सदानाथ. तुमच्या तळव्याला जखम झालीय, ती धुवायची आहे. हात देता का?"

आणि ते थांबले.

थांबूनच राहिले...

"बाबा, ती काय बोलणार..."

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. मूठ सावकाश उलगडत गेली आणि उघडा तळवा बाबांपुढे आला.

"शुद्ध आली!" विश्रामनं झेप घेऊन दुसरं मनगट धरलं. नाडी शोधली. गळ्याशी बोटं दाबून पाहिली. पापणी उचलली.

मग त्याचा हात आपोआप मागे आला.

"बाबा... ही तर गेलीय. आत्ता नाही, सकाळीच केव्हातरी. अंग थंडगार पडलंय."

बाबा कोमट पाण्यात फडकं बुडवत होते. अलगद, दुखणार नाही अशा बेतानं, ते जखम पुसू लागले.

"आता कशाला धुताय?"

"मी विचारलं होतं. त्यांनी हात दिला."

त्या तळव्यावरून विश्रामची नजर हलेना.

"मग द्वारकाबाईंची मूठ..." त्यानं विचारलं. "मूठ उघडली कुणी?"

बाबांनी फडकं पिळलं.

"मला काय विचारतोस? त्या इथंच आहेत."