भेगेवरचा टिळा

फार पूर्वी वेणुमती नगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे स्थपती, म्हणजे मुख्य वास्तुकार, होते. नगराबाहेर आधीच्या एका बुद्धांचा पुरातन स्तूप होता. त्याला तडे गेले, तेव्हा राजाने डागडुजी बोधिसत्त्वांवर सोपवली.

पाया पाहण्यासाठी त्यांनी चर खणवला. स्तूप हलतो आहे का हे कळावे म्हणून वरच्या भेगेवर चुन्याचा एक टिळा लावला. दुसऱ्या दिवशी टिळा मधोमध फुटलेला होता. पायाजवळची मातीच स्तूपाला सावरून आहे, हे ओळखून त्यांनी सर्वांदेखत चर बुजवायला घेतला.

अमात्य कुंजल हे पाहत होता. "काल खणलंत, आज माती ओढताय! हे तर मांजराचं काम झालं, स्थपती. आत काय दिसलं?"

"दगड आणि माती, अमात्य."

कुंजल थेट राजाकडे गेला. "महाराज, त्या स्थपतीला रत्नांचा करंडक दिसलाय. लोक विसरले की येऊन काढून नेईल."

बोधिसत्त्वांनी राजाला स्तूपाशी नेऊन फुटलेला टिळा दाखवला.

"चुना काय, बोटानंही फुटतो," कुंजल म्हणाला.

राजाचा कुंजलावर विश्वास नव्हता. आता स्थपतीवरही उरला नाही. तो म्हणाला, "चर पुन्हा खणू. करंडक नसला तर तुम्ही निर्दोष. नाहीतर हद्दपार."

बोधिसत्त्वांनी आधी स्वतःचे मन तपासले: न खणण्याचा हा आग्रह स्तूपासाठी आहे की मानासाठी? मग ते म्हणाले, "खणाल तर मी सुटेन आणि स्तूप पडेल. मला हद्दपार करा."

"चोरही हेच म्हणेल."

"मग इथे पहारा बसवा, महाराज. मी आलो तर मला धरा. पण दुसऱ्या कोणालाही खणू देऊ नका."

'दुसऱ्या कोणालाही' हे शब्द ऐकून राजाने कुंजलाकडे पाहिले. त्याने स्थपतीला हद्दपार केले आणि स्तूपाभोवती पहारा बसवला. जाण्यापूर्वी बोधिसत्त्वांनी भेगेवर नवा टिळा लावला.

पुढे कुंजल अनेकदा खणण्याची परवानगी मागायला आला. दर वेळी राजाने पहारा वाढवला. पहारेकरी म्हातारे झाले, त्यांच्या जागी त्यांची मुले उभी राहिली. चोराची वाट पाहता पाहता त्यांनी स्तूपाचा एक दगडही कोणाला हलवू दिला नाही.

म्हातारपणी राजा एकदा स्तूपावर चढला. टिळा अखंड होता. त्याने बोट पुढे केले, आणि न लावताच मागे घेतले. त्याने स्थपतीला आणण्यासाठी सीमेपलीकडे माणसे धाडली, पण तोवर बोधिसत्त्वांनी देह ठेवला होता.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कुंजल म्हणजे आज सोबत्यावर चोरीचा संशय घेऊन त्याची झोळी चाचपून पाहणारा भिक्षू तिष्यक. राजा म्हणजे त्याचे म्हणणे अर्धे खरे मानणारे स्थविर सोमिल. आणि तो स्थपती मीच होतो."

स्वतःवरचा आळ पुसण्याचा मार्ग समोर असूनही बोधिसत्त्वांनी तो आळ सोसला आणि स्तूप राखला. हीच त्यांची क्षांती पारमिता, म्हणजे सहनशीलतेची परिपूर्णता.