न विकलेली बंदूक

फार पूर्वी, रान अगदी गावाच्या वेशीला येऊन टेकले होते, तेव्हाची गोष्ट. एका गावात एक शिकारी राहत होता. तरुणपणी त्याचा नेम कधी चुकला नव्हता. आता केस पिकले होते आणि डोळेही अधू झाले होते, पण ही गोष्ट त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. शिकाऱ्याने डोळे गेले म्हणून सांगायचे, म्हणजे गवयाने गळा बसला म्हणून सांगण्यासारखेच की!

त्या वर्षी एका रानडुकराने उच्छाद मांडला. शेते उकरली आणि एका गुराख्याची मांडी फाडली. मग गावाने घराघरांतून ज्वारी गोळा केली, गाडी भरली आणि पाटील शिकाऱ्याला म्हणाला, "ही घेऊन जा आणि बंदूक आण. भारीतली भारी आण. शेजारच्या गावानं तोंडात बोट घातलं पाहिजे!"

शिकारी खुशीत निघाला. त्याच्या मनात आले, लांब पल्ल्याची बंदूक घेतली, की आपल्याला लांबचे दिसत नाही त्याची भरपाई होईल. लाज झाकायची असली, की शहाण्या माणसाची अक्कलही अशी चरायला जाते.

डोंगरापलीकडे एक लोहारीण बंदुका घडवायची. डुकराची हकिकत ऐकून तिने तीन बंदुका पुढे ठेवल्या. स्वस्तातलीची नळी तारेने आवळलेली होती. "हिची गोळी डुकराला लागेल का तुम्हाला, ते देवच जाणे," म्हणत तिने स्वतःच ती मागे सारली. मधल्या किमतीची बंदूक साधी होती, नक्षी ना काही, पण घट्ट आणि सरळ. तिसरी चांदीने मढवलेली होती आणि तीनशे पावलांवर मारायची.

"हीच!" शिकारी म्हणाला. "सगळी गाडी ठेवून घ्या."

लोहारणीने त्याच्याकडे जरा निरखून पाहिले. "घ्या की. पण दादा, त्या पल्याडच्या बांधावर काय दिसतंय, सांगा बरं?"

शिकाऱ्याने डोळे बारीक केले. "म्हैस हाय." आणि आपली नजर किती तीक्ष्ण ते दाखवायला पुढे म्हणाला, "शेपूट हलवतीय."

"ती कडब्याची गंजी हाय, दादा. शेपूट कुठनं आणलंत?"

शिकाऱ्याची मान खाली गेली. लोहारीण हसली नाही. ती त्याला हाताला धरून गंजीच्या दिशेने चालवत घेऊन गेली. एका जागी तो आपणहून थांबला. आता त्याला पेंढ्यासुद्धा वेगवेगळ्या दिसत होत्या. तिथून गंजीपर्यंत पावले मोजली, तर साठ भरली.

"साठ पावलं तुमची," लोहारीण म्हणाली. "ती बंदूक तीनशे पावलं मारते. उरलेल्या दोनशे चाळीस पावलांत तुम्ही कुणाला मारणार, ते तुम्हाला तरी ठाऊक असंल का?"

शिकारी तिच्यामागून परत आला. त्याने मधली बंदूक उचलली. तिचा पल्ला सत्तर पावलांचा होता. "बाई, माझ्या डोळ्यांचं कुणाला सांगू नका."

"मी बंदुका विकते, चहाड्या नाही," लोहारीण म्हणाली आणि तिने अर्धी ज्वारी परत गाडीत घातली.

गावात त्याची थट्टा झाली. "शेजाऱ्यांची बंदूक डोंगर ओलांडते, आपली बांधसुद्धा ओलांडत न्हाई!" पाटलाने नाक मुरडले. शिकाऱ्याने सगळे ऐकून घेतले.

चार दिवसांनी सकाळी सकाळी धुके पडले होते. कोणीतरी ओरडले, "डुक्कर! रताळ्याच्या वाफ्यात डुक्कर!" सगळे काठ्या घेऊन धावले. शेताच्या पार टोकाला काहीतरी काळे खाली वाकून माती उकरत होते.

"मार! बघतोस काय, मार!" पाटील ओरडला.

"एवढ्या लांब गोळी पोचत न्हाई, पाटील. जवळ जावं लागंल."

"तवर ते पळंल! सांगितलं व्हतं तुला, भारीतली घे!"

शिकारी चालू लागला. डुक्कर उलटले तर पळायला जागा नव्हती. शंभर पावलांवरही ते काळेच दिसत होते. त्याने बंदूक खांद्याला लावली आणि आणखी पुढे गेला. साठ पावले उरली तेव्हा त्या काळ्या गोळ्याला एक हात फुटला. हातात हिरव्या बांगड्या होत्या.

डोक्यावरची काळी घोंगडी मागे सारत पाटलीणबाई उभ्या राहिल्या. "काय वं शिकारीभाऊ, असं काय बघताय? रताळी पाहिजेत का?"

शिकाऱ्याने बंदूक खाली ठेवली, मातीतच बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. मागून धावत आलेला पाटील बायकोला बघून जागच्या जागी थिजला. शिकाऱ्याने तिथेच सगळ्यांसमोर सांगून टाकले, "मला साठ पावलांपल्याड दिसत न्हाई. ती भारी बंदूक असती, तर मी तिथनंच चाप वढला असता."

पाटलाने त्याचे दोन्ही हात धरले. "तुला साठ पावलं तरी दिसतंय, बाबा. मला तर माझं माणूससुद्धा दिसलं न्हाई."

पुढे गावकऱ्यांनी हाकारा करून डुक्कर जवळ आणले आणि शिकाऱ्याने चाळीस पावलांवर ते एका गोळीत टिपले. पण गावाला त्याहून मोठा आनंद झाला, तो पाटलीणबाई वाचल्याचा.

शिकाऱ्याकडून सगळी हकिकत ऐकून पाटलीणबाई डोंगर चढून लोहारणीकडे गेल्या. त्यांनी तिला पाटावर बसवले, हळदकुंकू लावले आणि खणानारळाने तिची ओटी भरली.

लोहारीण गोंधळली. "बाई, तुम्ही कोण? मी वळखलं न्हाई."

"तुम्ही एक बंदूक विकली नाहीत," पाटलीणबाई म्हणाल्या, "तिच्या गोळीपुढं उभी असलेली बाई मी."

लोहारणीने ओटी पोटाशी घट्ट धरली. विकलेल्या बंदुकांबद्दल तिला पुष्कळांनी दुवा दिला होता. न विकलेल्या बंदुकीबद्दल आभार मानायला कोणी आले, ते आजच.

तात्पर्य: आपली नजर पोचते तेवढेच बळ हाती घ्यावे, आणि आपली मर्यादा जो वेळीच दाखवून देतो, त्याचे उपकार जन्मभर स्मरावेत.