ठकूबाईची बोटं

कुलुपं बोलायला लागली, त्या काळातली ही गोष्ट. विलासने नवं घर बांधलं आणि दाराला बोट ओळखणारं कुलूप बसवलं. उंबरा मात्र आईच्या, ठकूबाईच्या, हट्टाने जुन्या घराचाच आणला. कुलपात सगळ्यांची बोटं नोंदवली. आईचं काही नोंदेना. "आई घरातच तर असते," म्हणून विलासने ते राहू दिलं.

एके सकाळी सगळे कामावर गेल्यावर ठकूबाई रांगोळी काढायला बाहेर आली आणि मागे दार आपोआप लागलं. तिने पदराला पुसून एकेक बोट टेकवलं.

"ओळख पटली नाही," कुलूप दरवेळी म्हणालं.

ऊन चढलं. उंबऱ्यावर कधी कुणाला बसू न देणारी ठकूबाई शेवटी उंबऱ्यावरच टेकली.

"उघड की रे," उंबरा कळवळला.

"कसं उघडू? हिच्या बोटांवर रेषाच नाहीत."

"जन्मभर विड्या वळल्या तिने, त्यात झिजल्या. त्यावरच तर विलास शिकला, हे घर उभं राहिलं."

तरीही कुलूप उघडलं नाही.

संध्याकाळी विलास आला. त्याचं बोट लागताच दार उघडलं. "आई, तू उंबऱ्यावर?"

"चुकलं रे," म्हणत ठकूबाई ओशाळून उठली, आणि तिने उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला.